घरगुती हिंसेचा आकडा वापरण्याआधी काय तपासावं

‘जगात दर तीन बायकांमागे एकीला नवरा मारतो’ हे वाक्य भाषणांत, पोस्टरवर, बातम्यांत सर्रास दिसतं. ते चुकीचं आहे, आणि ज्याला हा विषयच नकोसा वाटतो त्याला अशी चूक आयतीच हाती लागते. म्हणून आकडा उचलताना विचारा: हिंसा कोणी केलेली, कोणत्या प्रकारची, किती काळातली, आणि हे प्रमाण कोणत्या बायकांमधलं?

वरच्या वाक्यातल्यासारखा आकडा जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या अहवालात सापडतो. २००० ते २०१८ या काळात १६१ देशांत मिळालेल्या माहितीवरून त्यात अंदाज बांधले आहेत. १५ वर्षांवरच्या सुमारे ३० टक्के स्त्रियांनी, म्हणजे ७३ कोटी ६० लाख जणींनी, आयुष्यात कधी ना कधी शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसली. पण या ३० टक्क्यांत जोडीदार नसलेल्या माणसाने केलेली लैंगिक हिंसाही धरली आहे. फक्त आजी-माजी नवरा किंवा जोडीदार घेतला तर प्रमाण २६ टक्के येतं, तेही कधीतरी जोडीदार असलेल्या स्त्रियांमधलं. मागच्या १२ महिन्यांपुरतं पाहिलं तर सुमारे १० टक्के. तिन्ही आकडे बरोबर आहेत. एकाच्या जागी दुसरा वापरला की घोळ होतो. शिवाय टोचून बोलणं, तोंडी धमक्या देणं, पैसे अडवून ठेवणं, सासरच्यांनी केलेली मारहाण यातलं काहीच या आकड्यांत नाही. म्हणजे घरातला एकूण छळ याहून मोठाच.

यानंतर प्रश्न कसे विचारले होते ते शोधा. अहवालाच्या शेवटी प्रश्नावली जोडलेली असते, ती वाचायचा कंटाळा करू नका. सर्वेक्षणाची खरी परीक्षा तिथेच होते. ‘तुमच्यावर कधी अत्याचार झाला का?’ असं विचारलं तर अनेक जणी ‘नाही’ म्हणतात, कारण रोजच्या मारहाणीला त्या अत्याचार म्हणतच नाहीत. चांगल्या सर्वेक्षणात एकेक कृती विचारतात: नवऱ्याने थोबाडीत मारली का, केस ओढले का, हात पिरगळला का, लाथ मारली का, गळा दाबला का, चटका दिला का, मनाविरुद्ध संबंध ठेवायला लावले का. प्रत्येकीनंतर: असं मागच्या १२ महिन्यांत झालं का?

मुलाखत एकांतात झाली का, हेही पाहा. प्रशिक्षित मुलाखतकार एका घरातल्या एकाच बाईला हे प्रश्न विचारते आणि कोणी आत आलं की लगेच विषय बदलते. ही खबरदारी सगळ्यात आधी त्या बाईच्या जिवासाठी आहे. सासू शेजारी बसलेली असताना मिळालेल्या ‘नाही’ला काही किंमत नाही.

पोलिसांच्या नोंदी हिंसा मोजत नाहीत, तक्रारी मोजतात. मदत मागणाऱ्याच मुळात ४० टक्क्यांहून कमी, आणि त्यांतल्या पोलिसांपर्यंत जाणाऱ्या १० टक्क्यांहूनही कमी, असं संयुक्त राष्ट्रसंघ सांगतो. तक्रारी वाढल्या म्हणजे हिंसा वाढली असं म्हणू नका. दाद मागण्याची हिंमत वाढली असंही असू शकतं.

देशांची क्रमवारी लावताना हात आखडता घ्या. युरोपीय संघाच्या २०१४ च्या सर्वेक्षणात जोडीदाराची हिंसा डेन्मार्कमध्ये ३२ टक्के आणि पोलंडमध्ये १३ टक्के निघाली. डेन्मार्कची घरं जास्त असुरक्षित, असा निष्कर्ष यावरून लगेच काढता येत नाही. जिथे बायका मोकळेपणाने बोलतात तिथे आकडा चढतो. मात्र सगळा फरक बोलण्या-न बोलण्याचाच असतो असंही नाही. आरोग्य संघटनेने २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या दहा देशांच्या अभ्यासात एकाच पद्धतीने विचारूनही प्रमाण जपानच्या शहरातल्या १५ टक्क्यांपासून इथिओपियाच्या ग्रामीण भागातल्या ७१ टक्क्यांपर्यंत गेलं होतं.

दोन वर्षांची तुलना करताना नमुना, म्हणजे किती जणींना विचारलं, ते पाहा. हजार जणींच्या सर्वेक्षणात ३० टक्क्यांच्या आसपास साधारण ३ टक्के इकडेतिकडे होतातच. ३१ चे २९ झाले म्हणून सुधारणा जाहीर करू नका.

खून लपवणं त्यामानाने अवघड, म्हणून ते आकडे जास्त भरवशाचे. तरी तेही अंदाजच. संयुक्त राष्ट्रसंघाच्या मते २०२३ मध्ये सुमारे ८५ हजार स्त्रिया आणि मुली जाणूनबुजून मारल्या गेल्या. त्यांतल्या ५१,१०० जणींना, म्हणजे ६० टक्के, जोडीदाराने किंवा घरातल्याच कोणीतरी मारलं. दिवसाला १४०. इथे ‘नवऱ्याने मारलं’ असं लिहू नका; बाप, भाऊ, मुलगाही त्यात आहेत.

लिहिताना वाक्य लांबलं तरी चालेल: ‘कधीतरी जोडीदार असलेल्या, १५ वर्षांवरच्या स्त्रियांपैकी सुमारे २६ टक्के जणींनी आयुष्यात किमान एकदा जोडीदाराची शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसली आहे (जागतिक आरोग्य संघटना, २०१८ पर्यंतची माहिती).’ पोस्टरवर एवढी जागा नसेल तर ‘दर चौघींमागे एक’ लिहा आणि खाली बारीक अक्षरांत बाकीचं द्या. त्याच पोस्टरवर मदतीचा फोन नंबर ठळक असू द्या, आणि छापण्याआधी तो स्वतः लावून पाहा.