भाताचा कोंब उजेडाकडे कसा वळतो: घरी करून पाहण्याचा प्रयोग

रहू पद्धतीने पेरण्यासाठी कोकणात भाताला मोड आणतात, तेव्हा मूठभर दाणे बाजूला ठेवावेत. कोंब उजेडाकडे वळण्यामागे एका प्रोटीन कायनेजचे काम असते आणि ते काम ओळखण्यासाठी बूट ठेवायचे दोन खोके, दोन विजेऱ्या, दोन रंगांचे जिलेटीन कागद आणि थोडे घरगुती साहित्य पुरते.

प्रोटीन कायनेज म्हणजे एटीपी या पेशीतील ऊर्जावाहक रेणूमधील फॉस्फेटचा गट काढून एखाद्या प्रथिनावर बसवणारे विकर. या गटामुळे त्या प्रथिनाचे काम सुरू होते, थांबते किंवा पेशीतील त्याची जागा बदलते. फोटोट्रोपिन या कायनेजचे वैशिष्ट्य असे, की प्रकाश ओळखणारा भागही त्याच्याच अंगी असतो: त्यातील फ्लेव्हिन या रंगद्रव्याने निळा प्रकाश शोषला, की रेणूचा आकार बदलतो, आवरलेले कायनेज मोकळे होते आणि सर्वांत आधी स्वतःवरच फॉस्फेट बसवते. अरॅबिडॉप्सिस या छोट्या रोपातील त्याचे जनुक १९९७ मध्ये ओळखले गेले. उजेडाच्या बाजूला हे काम जास्त आणि सावलीच्या बाजूला कमी होते. या फरकातून ऑक्झिन हे संप्रेरक सावलीच्या बाजूकडे सरकते, तिकडच्या पेशी अधिक लांबतात आणि कोंब उजेडाकडे झुकतो. ऑक्झिन पेशीबाहेर नेणाऱ्या पिन प्रथिनांवरही पिनॉइड आणि डी६पीके ही निराळी कायनेजे फॉस्फेट बसवतात, म्हणजे या साखळीत कायनेज एकच नाही.

भात चोवीस तास भिजवून ओल्या फडक्यात बांधावे. मोड फुटताच दाणे ओल्या टिपकागदावर मांडून पूर्ण अंधारात ठेवावेत. पावसाळी दमट हवेत बुरशी लवकर धरते, म्हणून पाणी रोज बदलावे आणि दाण्यांची गर्दी करू नये. पहिले पान अजून आत असलेला, पांढऱ्या आवरणातील साधारण एक सेंटिमीटरचा सरळ कोंब प्रयोगासाठी योग्य समजावा.

खोक्याच्या एका बाजूला बोटभर फट ठेवून बाकी सर्व सांधे काळ्या चिकटपट्टीने बंद करावेत. पहिल्या वेळी मी झाकणाकडे लक्ष दिले नाही आणि सगळे कोंब फटीऐवजी झाकणाच्या कोपऱ्यातील भोकाकडे वळले. प्रयोग फसला, पण उजेड कुठून येत होता हे कोंबांनी मात्र अचूक दाखवले. एका खोक्याच्या फटीवर निळा आणि दुसऱ्याच्या फटीवर लाल जिलेटीन कागद लावून दोन्हींवर एलईडी विजेरी रोखावी. स्वस्त लाल कागदातून निळा प्रकाश थोडा गळतो, म्हणून आधी तपासावे: विजेरीवर तो कागद धरून जुन्या सीडीवर पडलेले प्रतिबिंब पाहावे, त्यातील रंगांत निळी पट्टी दिसली तर कागदाचे पदर वाढवावेत.

निळ्या खोक्यातील तीन-चार कोंबांच्या शेंड्यावर चांदीच्या कागदाची टोपी घालावी. माडाच्या हिराभोवती कागद गुंडाळून काढला, की कोंबाच्या जाडीची टोपी आपसूक तयार होते. चार्ल्स डार्विन आणि त्यांचे पुत्र फ्रान्सिस यांनी १८८० मध्ये कॅनरी गवताच्या कोंबांवर अशाच टोप्या घालून उजेड शेंड्याला कळतो असे दाखवले होते. कायनेज हा शब्द तेव्हा नव्हता.

तीन-चार तासांनी मंद लाल उजेडात पाहावे. निळ्या खोक्यातील उघडे कोंब फटीकडे झुकलेले असावेत, टोपीखालचे जवळजवळ सरळ राहावेत आणि लाल खोक्यातील कोंब वळू नयेत. फोटोट्रोपिनला लाल रंग दिसत नाही, त्याची दखल फायटोक्रोम हे वेगळे प्रथिन घेते. फणसाच्या सावलीतील तरवा, म्हणजे लावणीआधीची भाताची रोपे, लांबुळका होतो तोही फायटोक्रोममुळे, कारण पाने लाल प्रकाश गाळून अतिलाल, म्हणजे लालच्या पलीकडचा, डोळ्यांना जेमतेम दिसणारा प्रकाश खाली सोडतात. त्याचे खापर फोटोट्रोपिनवर फोडू नये.

डोळ्यांना दिसतो तो शेवटचा परिणाम, फॉस्फेट नव्हे. तरीही साखळी तुटली तर काय होते हे भातावरच तपासले गेले आहे: फोटोट्रोपिनच्या पुढचा दुवा असलेल्या प्रथिनाचे सीपीटी१ हे जनुक बिघडलेल्या भाताचे कोंब उजेडाकडे वळत नाहीत, हे २००५ मध्ये प्रसिद्ध झाले.

आवरण फाडून हिरवे पान बाहेर आलेले कोंब मात्र मोजणीत धरू नयेत; त्यांच्या जागी नवे दाणे भिजत घालावेत.