टोल्यूइन नेमकं खातंय कोण? सी-१३ लावून शोधताना या चुका टाळा

कारखान्याच्या धुरातलं टोल्यूइन बायोफिल्टरच्या (सूक्ष्मजीवांकडून हवा साफ करून घेणाऱ्या फिल्टरच्या) भरावात जिरतं, पण तिथल्या सूक्ष्मजीवांच्या शेकडो जातींपैकी ते खातं कोण? त्यासाठी सी-१३ कार्बनचं, म्हणजे नेहमीपेक्षा जरा जड कार्बनचं टोल्यूइन द्यायचं; हेच लेबल. खाणाऱ्याचा डीएनए जड होतो आणि सिझियम क्लोराइडच्या दाट द्रावणात, सेंट्रिफ्यूज या वेगानं गरगर फिरवणाऱ्या यंत्रात, ३६-४० तास फिरवला की खालच्या थरात जातो. ऐकायला एवढं सोपं, म्हणूनच नवी पोरं घाई करतात.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे जोडीची बाटली न लावणं. तोच भराव, तेवढंच टोल्यूइन, तेवढेच दिवस, फक्त कार्बन साधा, सी-१२. तिला खर्च जवळपास नाही, तरी तीच गाळली जाते, कारण सेंट्रिफ्यूजचा नंबर लागायला वेळ जातो.

आमच्याकडे जळगावात एका पोरानं थिनर वापरणाऱ्या कारखान्यातला कंपोस्टचा भराव आणला. खालच्या थरात स्ट्रेप्टोमायसिस हा जिवाणू भरभरून निघाला आणि स्वारीनं पोस्टरही छापून घेतलं. मी एवढंच विचारलं, ‘भो, सी-१२ वाली बाटली कुठंय?’ ती नव्हतीच.

डीएनएची घनता नुसत्या लेबलवर ठरत नाही, जी-सीच्या (डीएनएतल्या जी आणि सी या अक्षरांच्या) प्रमाणावरही ठरते. स्ट्रेप्टोमायसिसचं जी-सी ७२ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे काहीही न खाता त्याच्या डीएनएची घनता १.७३१ (ग्रॅम प्रति मिलिलिटर). असिनेटोबॅक्टर या दुसऱ्या जिवाणूचं ३९ टक्के, घनता १.६९८, पूर्ण लेबल झाला तर ०.०३६ ची भर पडून १.७३४. उपाशी आणि पोटभर जेवलेला शेजारी शेजारी बसलेले! जोडीची बाटली लावली तेव्हा स्ट्रेप्टोमायसिस तिच्यातही त्याच थरात निघाला. कंपोस्टमध्ये तो असतोच. पोस्टर कपाटामागे गेलं. तेव्हापासून ‘खाली कोण सापडलं’ असं मी विचारतच नाही. तोच जीव सी-१२ च्या मानानं खाली सरकला का, एवढंच बघतो.

दुसरी चूक हावरेपणाची. सिग्नल दणकून यावा म्हणून फिल्टरमध्ये येतं त्याच्या कितीतरी पट टोल्यूइन द्यायचं आणि बाटली आठवडेच्या आठवडे ठेवायची. मग खाणाऱ्यानं टाकलेलं दुसरे खातात, मेलेल्यांना तिसरे खातात, प्रोटोझोआ सगळ्यांनाच खातात, आणि लेबल सगळीकडे. भरीत पार्टीत ज्याच्या हाताला वास येतो त्या प्रत्येकानं वांगी भाजलेली नसतात. मी डोस फिल्टरमधल्या पातळीजवळ ठेवतो, संपला की पुन्हा थोडा देतो, आणि दर टप्प्याला थोडा भराव काढून गोठवतो. सगळ्यात आधी जड झालेल्यावर माझा भरवसा. फार लवकर काढलं तर लेबल पुरेसं चढत नाही, म्हणून बाटलीतला सी-१३ कार्बन डायऑक्साइड मोजत राहायचा.

स्वस्त पडतं म्हणून फक्त मिथाइलच्या कार्बनवर लेबल असलेलं टोल्यूइन घेऊ नका. टोल्यूइन मोडताना आधी त्याचं बेंझोएट करणारे जीव नेमका तोच कार्बन कार्बन डायऑक्साइड करून सोडतात. सगळे सात कार्बन लेबलवाले घ्या.

ऑटोक्लेव्ह केलेल्या (दाबाच्या वाफेनं सगळे जीव मारलेल्या) भरावाची एक बाटली हवीच. कंपोस्ट टोल्यूइन नुसतं शोषूनही घेतं.

सेंट्रिफ्यूज ब्रेक लावून थांबवू नका. थोडा वेळ वाचवायला गेलात तर बसलेले थर ढवळतात.

भराव वरून एक मूठ उचलून आणू नका. हवा शिरते तिथला आणि बाहेर पडते तिथला थर वेगवेगळे ठेवा.

हायड्रोजन सल्फाइडच्या फिल्टरला लेबल गंधकावर नको. ते खाणारे बरेचसे स्वतःचा कार्बन हवेतून घेतात, म्हणून सी-१३ कार्बन डायऑक्साइड द्या.

शेवटचं, आपल्याकडच्या मे महिन्याचं. पारा ४५ कडे गेला की रिफ्रॅक्टोमीटरच्या (द्रावणात प्रकाश किती वळतो त्यावरून थरांची घनता काढायच्या यंत्राच्या) आकड्यांवर विसंबू नका. त्यातली तापमानाची दुरुस्ती साखरेच्या पाकासाठी असते, सिझियम क्लोराइडसाठी नाही. एसी नसेल तर मी थर काढायला पहाटे बसतो आणि घनता माहीत असलेलं द्रावण दर वेळी सोबत मोजतो.