एफएस२ दोनवरून तीनवर नेताना

जुन्या स्काला (प्रोग्रामिंग भाषा) प्रोजेक्टमध्ये एफएस२ या डेटाचे स्ट्रीम हाताळणाऱ्या लायब्ररीचं २.५ व्हर्जन पडून आहे आणि आता वरून फर्मान आलंय की तीनवर न्या, तर नुसता बिल्ड फाइलमधला आकडा बदलून भागत नाही हे आधीच टीमला आणि मॅनेजरला सांगून ठेवा. एफएस२ उभं आहे कॅट्स इफेक्टवर, म्हणजे असिंक्रोनस कामं आणि थ्रेड सांभाळणाऱ्या लायब्ररीवर. २.x ला कॅट्स इफेक्ट २ लागतं, ३ ला ३ लागतं (दोन्हीचं ३.० २०२१ मध्येच आलं) आणि ही दोन एका क्लासपाथवर (ॲप जिथून लायब्ररी लोड करते ती यादी) नांदत नाहीत. नवरदेव एकटा येत नाही, सगळं वऱ्हाड घेऊन येतो.

म्हणून पहिले वऱ्हाड मोजा. एसबीटीमध्ये (स्कालाचं बिल्ड टूल) डिपेंडन्सी ट्री काढा आणि कॅट्स इफेक्ट कोण कोण ओढून आणतंय ते बघा. नेहमीची मंडळी म्हणजे एचटीटीपी४एस (वेब सर्व्हरसाठी) ०.२१ किंवा ०.२२ असेल तर ०.२३ घ्या, डूबी (डेटाबेससाठी) ०.१३ असेल तर १.० ची आरसी (रिलीज कॅन्डिडेट), एफएस२ काफ्का १ असेल तर २. कंपनीची स्वतःची एखादी कॉमन लायब्ररी मध्ये असेल तर तिच्यापासून सुरुवात करा, कारण ती दुसऱ्याच टीमकडे असते आणि तुमचं तिकीट तिथे बॅकलॉगमध्ये लोळत पडतं. एक जरी जुनं राहिलं तर कंपाइल होईलही कदाचित, पण रन केल्यावर मेथड सापडत नाही, क्लास सापडत नाही असले एरर येतात.

मग आकडा न बदलता, २.५ वरच डेप्रिकेशनच्या (हे पुढे काढून टाकणार अशा) वॉर्निंग साफ करून घ्या. स्ट्रीमचं इव्हॅल-अंडरस्कोर दिसेल तिथे एक्झेक करा, फक्त एक्झेकला युनिट देणाराच इफेक्ट चालतो, दुसरं काही परत येत असेल तर साधं इव्हॅल आणि पुढे ड्रेन. कॅट्स इफेक्टचा स्कालाफिक्स (कोड आपोआप बदलून देणारं टूल) रूल आहे, तोही आकडा बदलायच्या आधीच चालवायचा, नंतर नाही. बरंच काम करतो, सगळं नाही.

आता आकडा बदला. ३.० वर थांबू नका, सरळ ताजं ३.x घ्या, कारण ३.१ मध्ये एफएस२ चा स्वतःचा पाथ आला आणि यूटीएफ८ डीकोड करायची नावंही बदलली, उगाच तेच कोड दोनदा कशाला बदलायचं. कंपाइलर लाल लाल होईल, होऊ द्या. कॉन्टेक्स्टशिफ्ट आणि टायमर गेले, ते इम्प्लिसिट सरळ उडवा. एफएस२ ची क्यू गेली, आता कॅट्स इफेक्टच्या एसटीडी पॅकेजमधली वापरायची, एन्क्यू१ च्या जागी ऑफर, आणि डीक्यूच्या जागी स्ट्रीमचं फ्रॉमक्यूअनटर्मिनेटेड. चंकचं टूबाइट्स वापरलं असेल तर टूॲरेस्लाइस. हे सगळं कंटाळवाणं आहे पण कंपाइलर बोट दाखवून सांगतो, त्यामुळे भीती नाही.

भीती आहे ती जे गुपचूप कंपाइल होतं त्याची.

एक म्हणजे ब्लॉकर, दोनमध्ये थ्रेड अडवून ठेवणारी कामं वेगळ्या पूलवर पाठवणारा. आधी फाइल वाचताना रीडऑलला पाथ, ब्लॉकर आणि ४०९६ असं द्यायचो, आता फाइल्सच्या रीडऑलला पाथ आणि लागलं तर चंक साइज व फ्लॅग्ज, बस. ते सोपं आहे. पण जिथे ब्लॉकर डॉट डिले लिहून जेडीबीसी (जावाचं डेटाबेस कनेक्शन) किंवा कुठलं जुनं जावा एसडीके कॉल केलंय, तिथे घाईत नुसतं आयओ डॉट डिले केलं तरी चालतंय असंच वाटतं, टेस्टही पास होतात. कॅट्स इफेक्ट ३ चा कम्प्यूट पूल कोअर असतील तेवढ्याच थ्रेडचा असतो, चार कोअरच्या मशीनवर चार कॉल अडकले की सगळी ॲप गार. तिथे आयओ डॉट ब्लॉकिंगच पाहिजे. कॅट्स इफेक्ट ३.४ पासून थ्रेड उपाशी राहिले तर लॉगमध्ये वॉर्निंग येते, ती म्यूट करणारे महाभाग पण असतात, तुम्ही करू नका.

दुसरं म्हणजे एफएस२ चा टॉपिक, एक मेसेज सगळ्या सबस्क्रायबरना पोचवणारा. दोनमध्ये टॉपिक बनवतानाच सुरुवातीची व्हॅल्यू द्यायला लागायची आणि नवीन सबस्क्रायबरला आल्या आल्या सध्याची व्हॅल्यू मिळायची. तीनमध्ये ते बंद. एरर आला म्हणून तुम्ही ती व्हॅल्यू काढून टाकता, कंपाइल होतं, आणि पहिल्या मेसेजवर अवलंबून असलेला सबस्क्रायबर आयुष्यभर वाट बघत बसतो. ताजी व्हॅल्यूच हवी असेल तर सिग्नलिंगरेफ आणि त्याचं डिस्क्रीट वापरा, फक्त त्यात मधल्या व्हॅल्यू गळू शकतात. प्रत्येक मेसेज हवा असेल तर टॉपिकच ठेवा पण सबस्क्राइबअवेट घ्या, म्हणजे सबस्क्रिप्शन पक्कं झाल्यावरच पब्लिश सुरू करता येतं. आणि पब्लिश१ आता आयदर (लेफ्ट किंवा राइट) देतो, टॉपिक बंद असेल तर लेफ्ट, तो बघितलाच नाही तर मेसेज कुठे गेला हे शोधत बसाल.

स्टेजिंगवर प्रोडक्शनएवढा लोड देऊन एकदा पळवा, युनिट टेस्टमध्ये यातलं काही दिसत नाही. त्यानंतर ३.x च्या आत बायनरी कम्पॅटिबिलिटी सांभाळतात, तेव्हा पुढचे आकडे स्काला स्टुअर्डला (लायब्ररीची व्हर्जन वाढवणारा बॉट) पुल रिक्वेस्ट टाकून वाढवू द्या.