रेडिओ खगोलशास्त्रात यायचंय? आधी एक डेटासेट साफ करून बघा

बीएससी फिजिक्सच्या किंवा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षातल्या मुलांचा पहिला प्रश्न प्रवेशाचा असतो, आणि त्याचं उत्तर फार लांब नाही. पुण्यात एनसीआरए (राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्र) आणि आयुका (आंतरविद्यापीठ खगोलशास्त्र आणि खगोलभौतिकी केंद्र) या दोन संस्था. पीएचडीसाठी एमएससी फिजिक्स किंवा बीई-बीटेक झालेले विद्यार्थी येतात. जेस्ट, गेट या देशपातळीवरच्या परीक्षा किंवा संस्थांची स्वतःची लेखी परीक्षा, मग मुलाखत. बीएससीनंतर इंटिग्रेटेड पीएचडीचीही वाट आहे. कुठल्या वर्षी कुठला स्कोअर चालतो ते बदलतं, म्हणून सीनिअरच्या आठवणीवर विसंबू नका, त्या वर्षीची जाहिरात वाचा. मुलाखतीत दीर्घिकांची नावं पाठ असण्यापेक्षा विद्युतचुंबकत्व, स्टॅटिस्टिकल मेकॅनिक्स आणि फळ्यावर दोन ओळींत अंदाज बांधता येणं जास्त उपयोगी पडतं. पहिलं वर्ष कोर्सवर्कचं.

पण पुढची पाच-सहा वर्षं रोज जे करायचं आहे ते आपल्याला मानवतं का, हे प्रवेशाआधीच तपासता येतं. त्यासाठी कुणाची परवानगी लागत नाही.

दूरच्या दीर्घिकेतला हायड्रोजन वायू १४२०.४ मेगाहर्ट्झला, म्हणजे २१ सेंटिमीटर तरंगलांबीला, क्षीण वर्णपट-रेषा सोडतो. विश्वाच्या प्रसरणामुळे ती खालच्या वारंवारितेला सरकते, आणि या सरकण्याचं माप म्हणजे रेडशिफ्ट. रेडशिफ्ट १ असेल तर ती ७१० मेगाहर्ट्झला सापडते. नारायणगावजवळच्या खोडदची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण नेमकी इथे कामाला येते: ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना, त्यांतल्या १४ मधल्या एक किलोमीटरच्या चौकात, उरलेल्या १६ इंग्रजी वाय अक्षरासारख्या तीन बाहूंवर, कमाल अंतर सुमारे २५ किलोमीटर. तिचा ५५० ते ८५० मेगाहर्ट्झचा बँड ४ या रेषेसाठी सोयीचा. तरीही एकेकटी दीर्घिका सहसा दिसतच नाही. २०२० साली एनसीआरएच्या गटाने रेडशिफ्ट १ च्या आसपासच्या ७,६५३ दीर्घिकांचे संकेत एकमेकांवर रचले, तेव्हा सरासरी रेषा वर आली. गोंगाट निम्मा करायला चौपट वेळ लागतो, हे गणित या क्षेत्रात रोज आडवं येतं.

आता डेटा. मोजमाप अँटेनांच्या जोडीजोडीने होतं, आणि ३० अँटेनांच्या ४३५ जोड्या होतात. दोन पोलरायझेशन आणि ८,१९२ चॅनल (वारंवारितेचे बारीक तुकडे) धरले, तर प्रत्येक नोंदीत सुमारे ७१ लाख संमिश्र संख्या येतात, आणि अशी नोंद दर काही सेकंदांनी होते. जीएमआरटीचा जुना डेटा ठरावीक मुदतीनंतर ऑनलाइन आर्काइव्हमध्ये सगळ्यांसाठी खुला होतो. त्यातून बँड ४ चं, एकाच लक्ष्याचं, दोनेक तासांचं निरीक्षण निवडा. त्याहून कमी वारंवारितेच्या बँड २ ला पहिल्याच खेपेला हात लावू नका. तिथे आयनोस्फिअर (वातावरणाचा वरचा विद्युतभारित थर) आणि व्यत्यय दोन्ही छळतात. लिनक्स, रेडिओ डेटा हाताळणारं कासा हे मोफत सॉफ्टवेअर, ३२ जीबी रॅम आणि मूळ फाइलच्या किमान चौपट मोकळी डिस्क लागेल, कारण कासा मूळ, दुरुस्त आणि मॉडेल अशा तीन प्रती बाळगतं.

पहिल्यांदा निरीक्षणाचा क्रम वाचा. ३सी ४८, ३सी १४७ किंवा ३सी २८६ हा ज्ञात तेजाचा स्रोत बहुधा सुरुवातीला किंवा शेवटी दिसेल. मध्ये लक्ष्य, आणि अधूनमधून काही मिनिटं त्याच्याजवळचा फेज कॅलिब्रेटर, म्हणजे लहरींच्या फेजमधले बदल तपासायचा ओळखीचा स्रोत. मग चाळणी. बंद अँटेना (दोन-चार असतातच), प्रत्येक स्कॅनचे पहिले काही सेकंद, बँडच्या कडांचे चॅनल, मोबाइल आणि विमानांच्या लहरींनी झाकलेले पट्टे काढून टाका. विजेच्या तारांवरच्या ठिणग्यांचा उपद्रव जवळच्या अँटेनांच्या जोड्यांत जास्त दिसतो. पाव हिस्सा डेटा गेला तरी घाबरायचं कारण नाही. नवखे लोक इथे हमखास हात आखडता घेतात आणि मग चित्रात उभे-आडवे पट्टे का आले म्हणून आठवडाभर शोधत बसतात. डिले (संकेत पोहोचण्यातला उशीर), बँडपास (चॅनलागणिक बदलणारा प्रतिसाद), गेन (वेळेगणिक बदलणारा प्रतिसाद) या क्रमाने कॅलिब्रेशन, म्हणजे त्रुटींची दुरुस्ती, झालं की डेटा पुन्हा चाळावा लागतो. पहिल्या फेरीत लपलेला वाईट डेटा आता उघडा पडतो.

चित्र बनवताना डब्ल्यू-प्रोजेक्शन लावा. दृश्यक्षेत्र मोठं असल्याने आकाश सपाट धरलं की कडेचे स्रोत विस्कटतात. मग सेल्फ-कॅलिब्रेशन, म्हणजे बनलेल्या चित्रालाच मॉडेल मानून पुन्हा दुरुस्ती: आधी फक्त फेज, वेळेचं अंतर आठ, चार, दोन मिनिटं असं कमी करत तीन-चार फेऱ्या; अ‍ॅम्प्लिट्यूड अगदी शेवटी, तेही जपून. मॉडेलमध्ये खोटा स्रोत शिरला तर ही पद्धत त्यालाच खरा करून दाखवते, आणि मॉडेलबाहेर राहिलेले क्षीण स्रोत दाबते. म्हणून प्रत्येक फेरीनंतर ओळखीच्या स्रोतांचं तेज एनव्हीएसएस या रेडिओ स्रोतांच्या कॅटलॉगशी ताडून बघा. तो १.४ गिगाहर्ट्झचा आहे. वर्णपटाचा उतार, म्हणजे वारंवारितेनुसार तेज बदलणं, हिशेबात धरायला विसरू नका.

रेषेच्या कामात आणखी दोन खड्डे. बँडपास कॅलिब्रेटरला पुरेसा वेळ दिला नसेल, तर त्याचा गोंगाट जवळच्या तेजस्वी स्रोताच्या वर्णपटात उतरतो आणि हुबेहूब रेषेसारखा दिसतो. दुसरा डॉप्लरचा: ७१० मेगाहर्ट्झला २४.४ किलोहर्ट्झचा चॅनल म्हणजे सेकंदाला सुमारे १० किलोमीटर. पृथ्वी सूर्याभोवती सेकंदाला ३० किलोमीटरच्या वेगाने फिरते, त्यामुळे सहा महिन्यांच्या अंतराने घेतलेल्या दोन निरीक्षणांत रेषा सहा चॅनलपर्यंत सरकू शकते. दुरुस्ती न करता बेरीज केली, तर आधीच क्षीण असलेली रेषा पसरून जाते.

एवढं करून कंटाळा आला नाही तर पुढचं सोपं. जीएमआरटीच्या निरीक्षणवेळेचे प्रस्ताव वर्षातून दोनदा मागवतात. समितीला कुतूहलापेक्षा आकडे हवे असतात: अपेक्षित तेज किती, गोंगाट किती लागेल, त्यासाठी तास किती, आणि हेच आर्काइव्हमधल्या डेटात का भागत नाही. शेवटच्या मुद्द्यावर बरेच चांगले प्रस्ताव पडतात. दरवर्षी २८ फेब्रुवारीच्या विज्ञानदिनाच्या सुमारास खोडदला लोकांसाठी दालनं खुली असतात. तिथल्या इंजिनिअरांना रिसीव्हरबद्दल विचारा, भरभरून सांगतात.

पायथन आणि गिट (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन) हे आता दुय्यम राहिलेले नाहीत. भारत सभासद असलेल्या एसकेए या आंतरराष्ट्रीय प्रकल्पाच्या रेडिओ दुर्बिणी ऑस्ट्रेलियात आणि दक्षिण आफ्रिकेत उभ्या राहत आहेत, आणि त्यांचा कच्चा डेटा कुणी घरी नेऊन हाताने चाळू शकणार नाही. चाळणी स्वयंचलित करणाऱ्याला मागणी राहील. खगोलशास्त्र सोडावंसं वाटलं तर सिग्नल प्रोसेसिंगच्या नोकऱ्यांतही हेच कौशल्य चालतं. पीएचडीनंतर साधारण दोन पोस्टडॉक (मुदतीच्या संशोधन नोकऱ्या), प्रत्येकी दोन-तीन वर्षांच्या, बहुधा परदेशात. बऱ्याचशा जागांची मुदत ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये संपते आणि रुजू पुढच्या शरदात व्हायचं असतं. त्यामुळे अर्ज करताना प्रबंधाचा निदान एक शोधनिबंध छापून आलेला हवा. परीक्षणाला काही महिने जातात, म्हणजे तो त्या वर्षीच्या उन्हाळ्याआधीच पाठवलेला बरा.