वेण्णा लेकला कधी जावं?
महाबळेश्वरच्या वेण्णा लेकवर बहुतेक जण मे महिन्यातच जातात. तेव्हा बोटीसाठी रांग आणि पाचगणी रस्त्यावर गाड्यांची कोंडी ठरलेली. माझं ऐकाल तर डिसेंबर-जानेवारीत जा, तेही उजाडायच्या आत. कडाक्याची थंडी पडली की लेकपासून लिंगमळ्यापर्यंत दव गोठतं: गवताच्या पात्यांवर, गाड्यांच्या टपावर, बोटीच्या जेटीवर पांढरे हिमकण. ऊन वर आलं की विरघळतात, म्हणून चहा नंतर प्या. कानटोपी, हातमोजे हवेतच. याच दिवसांत ताजी स्ट्रॉबेरीही मिळते.

पावसाळ्यात धुक्यामुळे पलीकडचा काठ दिसत नाही, बोटिंगची आशा धरू नका. लिंगमळा धबधबा पाहा. म्हाताऱ्या आई-वडिलांना न्यायचं असेल तर ऑक्टोबर, दिवाळीची सुट्टी लागायच्या आधी: लेक भरलेला, हवा गार आणि गर्दी बेताची.