संघ मुद्दाम हरतो आहे का, हे कसे पारखावे

मार्च महिना उजाडला की एनबीए या अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगमधल्या तळाच्या संघांवर ‘टँकिंग’चा, म्हणजे ड्राफ्टमध्ये (संघांनी नवे खेळाडू क्रमाने निवडण्याच्या वार्षिक प्रक्रियेत) वरची निवड मिळावी म्हणून ठरवून हरण्याचा, आरोप सुरू होतो. आरोप करणे सोपे असते, कारण हरणारे सगळे संघ लांबून सारखेच दिसतात. खरोखर पारख करायची असेल तर नजर चेंडूवरून काढून संघाच्या व्यवहारांवर, जखमींच्या यादीवर आणि ड्राफ्टच्या नियमांवर न्यावी लागते. ते कोणत्या क्रमाने करावे, हे पुढे सांगितले आहे.

सर्वप्रथम आरोप नेमका कोणावर आहे, हे ठरवून घ्यावे. मैदानावरच्या खेळाडूला हरण्यातून काहीच मिळत नाही. उलट पुढच्या वर्षी येणारा नवा खेळाडू त्याचीच जागा घेण्याची शक्यता असते आणि त्याचा पुढचा करार त्याच्या याच हंगामातल्या आकड्यांवर ठरणार असतो. प्रशिक्षकाचीही नोकरी पराभवांमुळेच जाते. हरण्याचा फायदा असतो तो संघमालकाला आणि जनरल मॅनेजरला, कारण बास्केटबॉलमध्ये एका वेळी पाचच जण खेळतात, एक असामान्य खेळाडू संघाचे दशक बदलू शकतो आणि ड्राफ्टमधून आलेला असा खेळाडू पहिली चार वर्षे ठरावीक, तुलनेने स्वस्त वेतनश्रेणीत मिळतो. त्यामुळे चुकलेले फटके मोजत बसू नये. मैदानावर कोणाला उतरवले गेले आणि कोणाला बसवले गेले, एवढेच पाहावे. खोट असली तर ती तिथे सापडते.

दुसरी गोष्ट बहुतेक जण पाहतच नाहीत: त्या संघाची पहिल्या फेरीतली निवड त्याच्याच मालकीची आहे का? एनबीएमध्ये भविष्यातल्या निवडी खेळाडूंच्या बदल्यात दिल्या-घेतल्या जातात, आणि निवड दुसऱ्याची असेल तर हरून स्वतःच्या पदरात काहीच पडत नाही. २०१६-१७ च्या हंगामात ब्रुकलिन नेट्स २० विजय आणि ६२ पराभवांसह संपूर्ण लीगमध्ये शेवटचा राहिला, पण निवडींच्या अदलाबदलीचा हक्क बॉस्टनकडे असल्यामुळे पहिला क्रमांक बॉस्टनला मिळाला. म्हणजे तळाला असणे हा पुरावा नव्हे. नेट्स त्या वर्षी केवळ कमकुवत होता. याच संघाने जून २०२४ मध्ये काय केले ते याच्या शेजारी ठेवून पाहावे. त्याने ह्यूस्टनकडून २०२५ आणि २०२६ च्या स्वतःच्याच निवडी परत मिळवल्या आणि त्याच सुमारास आपला प्रमुख खेळाडू मिकाल ब्रिजेस न्यूयॉर्क निक्सला देऊन टाकला. इथे हेतू ओळखायला एकही सामना पाहावा लागत नाही.

यानंतर पुढच्या एका पराभवाची किंमत काढावी, आणि हे काम थोडे सावकाश करावे, कारण नियम वेळोवेळी बदललेले आहेत. १९८४ पर्यंत दोन्ही विभागांतल्या सर्वांत खालच्या संघांमध्ये नाणेफेक होई, म्हणजे आपल्या विभागात तळ गाठला की पहिल्या निवडीची शक्यता थेट निम्मी. त्या वर्षी ह्यूस्टन रॉकेट्सने हंगामाच्या अखेरीस ३८ वर्षांच्या एल्विन हेझला एका सामन्यात जादा वेळेसह सगळीच्या सगळी ५३ मिनिटे खेळवले, सामना गमावला, पुढे नाणेफेक जिंकली आणि हकीम ओलाजुवान याला घेतले. पुढच्याच वर्षी, १९८५ मध्ये, लॉटरी, म्हणजे वरच्या निवडींसाठीची सोडत, आली. सुरुवातीला प्लेऑफबाहेरच्या, म्हणजे हंगामाअखेरच्या बाद फेऱ्यांत न पोचलेल्या, सर्व संघांना समान संधी होती. १९९० पासून वाईट कामगिरीला जास्त वजन मिळू लागले. पण १९९३ मध्ये ४१ विजय मिळवलेल्या ऑर्लँडोने ६६ पैकी केवळ एका संधीवर पहिला क्रमांक पटकावला, तेव्हा लीगने वजन आणखी वाढवले आणि सर्वांत वाईट संघाला २५ टक्के संधी दिली. हा बदल मला आजही उफराटा वाटतो: एका योगायोगावर उपाय म्हणून हरण्याचे बक्षीस वाढवले गेले.

२०१९ च्या ड्राफ्टपासून हे वजन सपाट झाले. १ ते १४ क्रमांकांच्या चेंडूंतून चार काढले जातात, त्यांची १,००१ संयोजने होतात आणि त्यांतली १,००० संघांमध्ये वाटली जातात. तळाच्या तीन संघांना प्रत्येकी १४ टक्के, चौथ्याला साडेबारा, पाचव्याला साडेदहा, आणि तिथून उतरत चौदाव्याला अर्धा टक्का. सोडतीने फक्त पहिले चार क्रमांक ठरतात, त्यामुळे सर्वांत वाईट संघ पाचव्याच्या खाली जात नाही, पण नेमक्या पाचव्या क्रमांकावर घसरण्याची त्याची शक्यता जवळजवळ ४८ टक्के असते. याचा हिशोबातला अर्थ असा, की शेवटून तिसऱ्या संघाने आणखी हरून शेवटचे स्थान गाठले तरी पहिल्या निवडीची त्याची संधी कणभरही वाढत नाही. फार तर सातव्याऐवजी पाचव्यापर्यंतच घसरण्याची हमी मिळते. डेट्रॉइट २०२३ मध्ये आणि पुन्हा २०२४ मध्ये, तर युटा २०२५ मध्ये लीगमध्ये शेवटचा होता आणि तिन्ही वेळा पाचवी निवडच हाती आली. २०१९ ते २०२५ या सात सोडतींत शेवटच्या क्रमांकाच्या संघाला एकदाही पहिला क्रमांक मिळाला नाही. २०२५ मध्ये तर १.८ टक्के संधी असलेल्या डॅलसने पहिला क्रमांक पटकावून कूपर फ्लॅग हा खेळाडू मिळवला.

म्हणून संशयित संघ शेवटून पहिला, दुसरा की तिसरा, यावर वाद घालू नये. शेवटून चौथ्या ते नवव्या स्थानांच्या दरम्यान मात्र प्रत्येक पायरीला दीड-दोन टक्क्यांचा फरक पडतो, आणि एखाद-दुसऱ्या पराभवाने ती पायरी बदलू शकते. लक्ष तिथे ठेवावे.

पण सगळ्यांत तीव्र प्रलोभन टक्क्यांत नसते, ते ‘संरक्षित’ निवडीत असते. एखाद्या व्यवहारात निवड दिली जाते, पण ती ठरावीक क्रमांकाच्या आत आली तर मूळ संघाकडेच राहील, अशी अट असते. अशा वेळी हरण्याचा फायदा शक्यतेत मोजला जात नाही. निवड एक तर राहते किंवा जाते. २०१२ मध्ये गोल्डन स्टेटची निवड पहिल्या सातांत आली नाही तर युटाला जाणार होती. संघ हंगामाच्या उत्तरार्धात कोसळला, सातवी निवड राखली आणि हॅरिसन बार्न्सला घेतले. २०२३ मध्ये डॅलसची निवड पहिल्या दहांबाहेर गेली असती तर ती निक्सला मिळणार होती. प्ले-इनची, म्हणजे प्लेऑफच्या शेवटच्या जागांसाठीच्या पात्रता सामन्यांची, आशा अजून जिवंत असताना ७ एप्रिलला शिकागोविरुद्ध डॅलसने कायरी अर्विंगसह अनेक प्रमुख खेळाडूंना बसवले आणि लुका डॉन्चिचला दुसऱ्या क्वार्टरच्या सुरुवातीलाच बाहेर काढले. सामना गेला, आशा संपली. लीगने साडेसात लाख डॉलर दंड केला; संघाला दहावी निवड मिळाली आणि ती त्याच्याकडेच राहिली. दंड आणि निवड यांची तुलना कोणत्याही मालकाला तोंडपाठ असणार. हंगाम सुरू होतानाच कोणाच्या निवडीवर कोणते संरक्षण आहे, याची टिपणी करून ठेवली तर मार्चमधले निम्मे संशय आधीच निकालात निघतात.

जखमींची यादी वाचताना घाई करू नये. १९९६-९७ मध्ये सॅन अँटोनियो स्पर्सचा डेव्हिड रॉबिन्सन फक्त सहा सामने खेळला, आदल्या वर्षी ५९ सामने जिंकलेला संघ २० वर आला आणि टिम डंकन त्याच्या वाट्याला आला. दुखापत खरी होती. फक्त त्याला परत आणण्याची घाई कोणालाच नव्हती, असे फार तर म्हणता येईल, आणि तेवढ्यावरून आरोप सिद्ध होत नाही. याउलट मार्च २०२१ मध्ये ओक्लाहोमा सिटीने अल हॉरफर्ड उरलेल्या हंगामात खेळणार नाही असे जाहीर केले, तेव्हा दुखापतीचे निमित्तही पुढे केले नव्हते. तरुणांना संधी, हे कारण होते. दोन्हींत हरणे वाढते, पण दुसऱ्यात निर्णय उघड दिसतो. खेळाडू बसवल्याची तारीख, त्या दिवसाचे गुणतक्त्यातले स्थान आणि दिलेले कारण, या तीन गोष्टी एकत्र लिहून ठेवाव्यात.

मार्चमधले बसवणे ठळक दिसते, पण खरे टँकिंग जूनमध्ये ठरते. फिलाडेल्फियाचे जनरल मॅनेजर सॅम हिंकी यांनी २०१३ च्या ड्राफ्टच्या रात्री ज्रू हॉलिडे हा ऑल-स्टार खेळाडू देऊन नर्लन्स नोएलला घेतले, जो दुखापतीमुळे पहिला हंगाम खेळलाच नाही. पुढच्या वर्षी घेतलेला जोएल एम्बीड दोन हंगाम बाहेर होता. संघाने अनुक्रमे १९, १८ आणि १० सामने जिंकले. यातला कोणताही खेळाडू मुद्दाम चुकला, असे म्हणायला जागा नाही. संघच असा बांधला होता की सर्वस्व ओतूनही तो हरावा, आणि नियमपुस्तकात त्याला दंड लावण्यासारखे काही नव्हते.

इतके तपासल्यावर ड्राफ्ट हरायला उत्तेजन देतो का, याचे उत्तर माझ्या मते ‘होय’ असेच येते, पण ते व्यवस्थापनाला, आणि २०१९ नंतर तळापेक्षा संरक्षणाच्या सीमारेषेवर अधिक. ते फळते का, हा प्रश्न वेगळा ठेवावा. जानिस अँटेटोकुम्पो पंधरावा आणि निकोला योकिच एक्केचाळिसावा निवडला गेला होता, आणि दोघांनीही आपापल्या संघाला विजेतेपद दिले. एम्बीड २०२३ मध्ये लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला, तरीही २०२५ पर्यंत फिलाडेल्फिया त्याच्यासह प्लेऑफच्या दुसऱ्या फेरीपुढे गेला नव्हता.