ल माँला निघण्याआधी: शर्यतीची आणि गावाचीही तयारी

सगळ्यात आधी राहायची सोय. ल माँच्या २४ तासांच्या मोटारशर्यतीचं तिकीट एखादवेळेस उशिरानेही मिळेल, खोली मिळणार नाही. ल माँ हे फ्रान्समधलं जेमतेम दीड लाख वस्तीचं गाव, आणि जूनमधल्या त्या आठवड्यात तिथे तीन लाखांवर माणसं येतात. पॅरिसच्या मोंपार्नास स्टेशनवरून टीजीव्हीने, म्हणजे वेगवान रेल्वेने, तासाभरात पोचता येतं, म्हणून पॅरिसला राहून ये-जा करायचा मोह होतो. तो टाळा. २४ तासांच्या शर्यतीत बघण्यासारखी असते ती रात्रच. तंबूत झोपायची तयारी असेल तर ट्रॅकभोवतीची कॅम्पिंगची जागा तिकिटाबरोबरच नोंदवून टाका. परतीचं तिकीट मात्र सोमवारचं काढा. शर्यत रविवारी दुपारी ४ ला संपते आणि सगळा लोंढा एकदम स्टेशनवर येतो.

स्टँडमधल्या खुर्चीवर पैसे घालायचे का? माझं मत नाही असंच आहे. साध्या प्रवेशाच्या तिकिटावर कितीतरी ठिकाणी मातीच्या उतारांवर उभं राहून बघता येतं. एक फेरी १३.६२६ किलोमीटरची, एकाच खुर्चीत बसून राहिलात तर त्यातला एक तुकडाच दिसणार.

पिशवीत कानात घालायचे बोळे हवेतच, मूल बरोबर असेल तर त्याच्यासाठी कानावर बसणारे जाड मफ. सूर्य रात्री दहाच्या सुमाराला मावळतो, त्यामुळे दिवसभर टोपी आणि पहाटे तीनला जाड जॅकेट, दोन्ही लागतात. पावसाची गंमत अशी की ट्रॅकच्या एका टोकाला सरी आणि दुसऱ्या टोकाला कोरडा रस्ता असं होतं. रेनकोट घ्या, छत्री नको, मागच्यांच्या शिव्या खाल. गर्दीत मोबाइलचं नेटवर्क रडतं, म्हणून सेलवर चालणारा छोटा एफएम रेडिओ ठेवा. ९१.२ वर इंग्रजी समालोचन लागतं. ते नसेल तर रात्री कोण पुढे आहे हे समोरून गाड्या जाऊनही कळत नाही.

शुक्रवारी ट्रॅकवर शर्यतीच्या गाड्या धावत नाहीत, तो दिवस गावाला द्या. सकाळी जुन्या गावात चढा. खाली सार्थ नदीच्या बाजूला रोमन काळातला तट आहे, लालसर, विटा-दगडांची नक्षी केलेला. वर सेंट ज्युलियन कॅथेड्रलच्या कोपऱ्याला टेकून एक प्रागैतिहासिक शिळा उभी आहे, माणसाच्या अडीचपट उंच. तिच्यावर वळकट्या पडल्यासारख्या रेघा आहेत आणि मधे मधे खळगे. त्यातल्या एकात अंगठा घातला की ल माँला आल्याची नोंद झाली असं तिथे मानतात. घाला, फुकट आहे. मग सेंट निकोलस चौकाकडे उतरताना खाली बघत चाला. विजेत्यांच्या हातांचे ठसे असलेल्या ब्राँझच्या चकत्या फरसबंदीत बसवल्या आहेत. दुपारी चालकांची मिरवणूक निघते, जुन्या उघड्या गाड्यांतून. कठड्याजवळची जागा हवी तर बरंच आधी जाऊन उभं राहायला हवं.

जेवणाचं वेळेत उरका. हॉटेलांची स्वयंपाकघरं दुपारी दोननंतर बंद होतात. रियेत, म्हणजे चरबीत शिजवून पावाला लावायचं डुकराचं मांस, ही गावची ख्याती. शाकाहारी माणसाने चीज घातलेलं गालेत, म्हणजे एक प्रकारचं धिरडं, मागावं आणि त्यात हॅम नको हे दोनदा सांगावं.

शर्यतीच्या गाड्यांचं संग्रहालय ट्रॅकच्या मुख्य प्रवेशाशीच आहे, ते गुरुवारीच बघून ठेवा. या गावाला गाड्यांचं वेड १९२३ च्या पहिल्या शर्यतीने लागलेलं नाही. घंटा ओतणाऱ्या बोले घराण्यातल्या आमेदेने १८७३ मध्येच इथे वाफेवर चालणारी गाडी केली होती. विल्बर राइटने आपलं युरोपातलं पहिलं जाहीर विमान उड्डाण केलं तेही इथल्याच युनोदियेरच्या घोडदौडीच्या मैदानावर, ८ ऑगस्ट १९०८ ला. ट्रॅकच्या ज्या लांब सरळ भागाला इंग्रजी समालोचक मल्सान स्ट्रेट म्हणतात, त्याला फ्रेंच लोक युनोदियेरच म्हणतात. नकाशात दोन्ही नावं लिहून ठेवा, नाहीतर पाट्या वाचताना गोंधळ होईल.

शनिवारी दुपारी ४ ला सुरुवात. ती डनलॉप पुलाजवळच्या चढावरून बघा. अंधार पडला की शटल बसने आर्नाजच्या वळणावर जा. ट्रॅकवरचं हे सगळ्यात संथ वळण, म्हणून ब्रेक इथे कचकचून लागतात. आधी फक्त दिवे दिसतात, मग चाकांच्या आतल्या चकत्या निखाऱ्यासारख्या लाल होतात, गाडी वळते आणि लाली विझत जाते. तेवढ्यात पुढची येते. कॅडिलॅकच्या व्ही-एट इंजिनाचा आवाज डोळे मिटूनही ओळखू येतो.

मग झोपा. दोन ते पाच, गजर लावून. झोपेला लाजणारे रविवारी दुपारी नेमक्या शेवटच्या तासात पेंगतात. पाचला उठलात तर उजाडताना धुकं, रबराचा वास आणि रात्रभर मळलेल्या गाड्या दिसतील. मधले तास लांबले तर ट्रामने एपोच्या मठाकडे जाऊन या, इंग्लंडचा राजा रिचर्ड द लायनहार्टच्या विधवेने १२२९ मध्ये स्थापलेला. कट्टर शौकीन नाक मुरडतील, मुरडू द्या.

सोमवारी गाडीला वेळ असेल तर टॅक्सीवाल्याला युनोदियेरच्या रस्त्याने घ्यायला सांगा. एरवी हा साधा सार्वजनिक रस्ता आहे. वेग मोडायला १९९० मध्ये घातलेली दोन आडवळणं बाजूला राहतात, आणि टॅक्सी मालट्रकच्या मागे मागे झाडांमधून सरळ जाते.